हातपाय न हलवणारी आकडी

श्रोतेहो, नमस्कार.

डोक्याला जबर मार लागलेला माणूस अतिदक्षता विभागात निपचित पडलेला असतो. रक्तस्राव आटोक्यात आलाय असं डॉक्टर सांगतात, तरी तो डोळे उघडत नाही. कधी हे गुंगीच्या औषधांमुळे असतं, कधी इजेमुळेच. आणि कधी मेंदूत आकडी चालू असते, पण ती बाहेर दिसतच नाही!

आकडी म्हटलं की हातपाय झाडणं आठवतं. पण अशा रुग्णांमध्ये ती अनेकदा मुकी असते. फार तर पापणी थरथरते, ओठाचा कोपरा हलतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ९४ रुग्णांपैकी २१ जणांना आकड्या आल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या केवळ ईईजीवरच, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावरच, कळल्या. मला तर हा आकडा फार अस्वस्थ करतो. आधीच जखमी झालेल्या मेंदूला आकडीत जास्त ऑक्सिजन, जास्त साखर लागते आणि त्याच्यावरचा ताण वाढतो.

सीटी स्कॅनमध्ये रक्ताची गाठ दिसते, पेशींमधला विजेचा गोंधळ दिसत नाही. तो ईईजीत उमटतो. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा असा आलेख पहिल्यांदा टिपला. हे संकेत इतके क्षीण, की व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावे लागतात. म्हणून तंत्रज्ञ केस बाजूला सारतात, खरखरीत पेस्टनं त्वचा घासतात आणि टाके चुकवत हे संकेत टिपणारा एकेक इलेक्ट्रोड चिकटवतात.

पण अर्ध्या तासाच्या नोंदीत आकडी सापडेलच असं नाही. ती येते, जाते, पुन्हा येते. बेशुद्ध रुग्णाची नोंद निदान २४ तास, शक्यतो ४८ तास चालू ठेवावी लागते. तुमच्या माणसावर अशी वेळ आली, तर 'सतत ईईजी लावता येईल का?' असं डॉक्टरांना जरूर विचारा. ती सोय नसेल, तर थोड्या थोड्या वेळानं पुन्हा नोंद घेता येते.

आलेख वाचणंही सोपं नाही. गुंगीच्या औषधानं लहरी मंदावतात, अंगातल्या थरथरीनं रेघा बिघडतात. म्हणून भेटीच्या वेळी पापणी फडफडताना दिसली, तर लगेच नर्सला सांगा. ती वेळ लिहून ठेवते, आणि डॉक्टर आलेखात नेमकं तेच मिनिट उघडून पाहतात.