एक गडी कमी हाय

(दृश्य : वेरूळ, लेणं क्रमांक १४)

वेरूळची ‘रावण की खाई’. भिंतीवर शिव-पार्वती सारीपाट खेळायला बसलेत. खेळ म्हटला की बघे आलेच, ते इथंही आहेत. खाली नंदी आणि त्याच्याभोवती गणांची चिल्लीपिल्ली. हजारावर वर्षं झाली, डाव काही उठलेला नाही.

(दृश्य : बीड जिल्ह्यातलं गाव, पार)

इथला डाव आत्ताच मांडलाय. पिंपळाची सावली, कापडी पट, सहा कवड्या. एसटी चुकलेला एक माणूस पिशवी सावरत लांबून बघतोय. पारावरून हाक येते, “बसा की पाव्हणं, एक गडी कमी हाय.”

एरवी आपल्याकडं अनोळखी माणसाची चौकशी ठरलेली. गाव कोणतं, कोणाकडं आलात, आणि मग आडवळणानं आडनाव. आडनाव कळलं की माणूस अख्खा कळला, असा आपला समज. पटाशी मात्र पहिला प्रश्न वेगळा निघतो : “तुमच्याकडं पच्चीस पडली की परत टाकतेत का?” टाकतात. मग जमलं. थोड्या वेळात हाच पाहुणा यजमानाची घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारतो आणि वर हसतोही. एवढा आगाऊपणा त्याला एरवी पचला नसता.

पारावर बाया दिसत नाहीत, हेही कॅमेऱ्यानं टिपलंय.

(दृश्य : जिल्हा परिषद शाळा, सातवीचा वर्ग)

तशाच सहा कवड्या इथं सरांच्या खिशातून निघतात. सहाही पालथ्या पडल्या तर पच्चीस. एक उताणी, दहा. तीन उताण्या, तीनच. असं का?

“पच्चीस पडतच नाही ना, सर!”

सर फळ्यावर मांडतात. एक कवडी दोन तऱ्हांनी पडते, म्हणजे सहा कवड्यांच्या ६४ तऱ्हा. तीन उताण्या येण्याच्या त्यातल्या २०, सगळ्या पालथ्या येण्याची एकच. वर्ग खूश. तेवढ्यात मागच्या रांगेतली मुलगी उठते. “मग सहाही उताण्या पडायची पण एकच तऱ्हा. तिला सहाच का?”

सर उत्तर देत नाहीत. “कवडी म्हणजे नाणं आहे का?” एवढंच विचारतात. मग जोड्या पडतात, प्रत्येक जोडीला एक कवडी. १०० वेळा टाकायची आणि वहीत रेघा ओढायच्या. रेघा निम्म्या-निम्म्या होत नाहीत. एक बाजू फुगीर, दुसरी चिरेची, ती सारखी पडेलच कशाला? संभाव्यतेचं प्रकरण दहावीच्या बीजगणितात येतं. इथं सातवीतच त्यावरून भांडणं लागलीत.

बाजारात ‘शैक्षणिक खेळ’ ढिगानं मिळतात. फासा टाका, कार्ड उचला, राजधानी सांगा. ती तोंडी परीक्षाच, फक्त पुठ्ठ्यावर छापलेली. मुलं ते बरोबर ओळखतात.

(दृश्य : एप्रिल, तोच वर्ग)

साखर कारखान्यांचा पट्टा पडलाय, म्हणजे हंगाम संपलाय. दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली पोरं परत आलीत. पाच-सहा महिन्यांत वर्ग पुढं गेला, बाकांवरच्या जागा बदलल्या. आपल्याच शाळेत ही पोरं पाहुणी.

त्यातला एक जण खडू मागून घेतो आणि फरशीवर वाघ-बकरीचा पट आखतो. कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर, संध्याकाळी हाच खेळ चालायचा. पटागणिक आकडे बदलतात. याचे ३ वाघ, १५ बकऱ्या. बकरीच्या पलीकडचं घर मोकळं दिसलं की वाघ उडी मारून तिला खातो. बकऱ्यांनी वाघांना हलायला जागाच ठेवली नाही, तर बकऱ्या जिंकल्या.

तो वाघ घेतो. वर्गातले हुशार एकामागोमाग हरतात. कवडीवाली मुलगी पुढं सरकते तेव्हा तो आपण होऊन सांगतो, “लगेच पुढं येऊ नको. आधी कडंची घरं भर, मागं मोकळं घर ठेवू नको.”

तिच्या सहा बकऱ्या जातात, पण दोन वाघ अडकतात. तिसऱ्यासाठी सगळा वर्ग पटावर ओणवा झालाय, आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा कुणी मनावर घेत नाही. सरही नाही.