सा प ग प सा सा

(दृश्य: गिरगावातल्या चाळीची गॅलरी. बाहेर पाऊस. आतून पेटीचा सूर.)

गिरगावात दुसऱ्या माळ्यावर माझ्या मावशीच्या दोन खोल्या आहेत. दर गुरुवारी दुपारी तिथे भजनी मंडळाची तालीम असते. सतरंजी अंथरलेली, टाळांची पिशवी कोपऱ्यात, चहाचं आधण गॅसवर, आणि मावशी पेटीपाशी. अशाच एका गुरुवारी बाकीच्या बायका यायच्या आधी मी तिला मोबाइलवर दोन गाणी ऐकवली. खरं म्हणजे गाणं एकच, गाणारे दोघं. आधी ‘बॉन इव्हेर’चं ‘स्किनी लव्ह’. मग तेच गाणं बर्डी नावाच्या मुलीच्या आवाजात.

पहिलं संपलं तेव्हा मावशी म्हणाली, “हा चिडलाय गं.”

दुसरं संपल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ही समजूत काढतेय. शब्द तेच आहेत ना?”

शब्द तेच आहेत. चालही तीच आहे. मावशीला इंग्रजी गाण्यांचं काही वेड नाही, यातला एखाददुसराच शब्द तिच्या कानाला लागला असेल. पण इतकी वर्षं ही दोन गाणी ऐकून मला जे नीट सांगता येत नव्हतं, ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

(दृश्य: बर्फानं झाकलेलं जंगल. वारा. मग शांतता.)

२००६ सालची अखेर. ‘बॉन इव्हेर’चा गायक जस्टिन व्हर्नन तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात त्याचा बँड मोडला होता, प्रेमातही फाटलं होतं, त्यात आजारपणानं अंगातली ताकद काढून घेतलेली. सामान गाडीत टाकून तो आपल्या मुलखात, विस्कॉन्सिनला परतला आणि वडिलांच्या शिकारीच्या लाकडी घरात एकटाच जाऊन राहिला. सगळा हिवाळा तिथे काढला. लाकडं फोडायची, जमेल ते शिजवून खायचं आणि हाताशी असलेल्या मोजक्या सामानावर गाणी रेकॉर्ड करायची. ती गाणी, ‘स्किनी लव्ह’ त्यातलंच, २००७ मध्ये त्यानं स्वतःच थोड्या प्रतींत काढली, आणि २००८ मध्ये ‘जॅगजॅगुवार’ या छोट्या कंपनीनं तोच अल्बम सगळीकडे पोहोचवला. ‘बॉन इव्हेर’ हे नावही फ्रेंचमधल्या ‘हिवाळा सुखाचा जावो’ या अर्थाच्या शब्दांवरून घेतलेलं, फक्त स्पेलिंग मुद्दाम बदललेलं.

स्किनी म्हणजे किडकिडीत, हाडं दिसणारं. कुणाचा तरी आधार हवा म्हणून धरून ठेवलेलं नातं, ज्याला स्वतःचं वजनच नाही, असं काहीसं त्याला त्यातून म्हणायचं होतं. आपल्याकडे अशक्त मुलाला पाहून आजी म्हणते ना, अंगाला काही लागत नाही याच्या. ते प्रेम तसं आहे. खाऊ घातलं तरी अंगी लागत नाही.

(दृश्य: गिटारच्या तारा, अगदी जवळून. एक हात खुंट्या पिळतोय.)

आता या तारांकडे जरा नीट बघा, कारण या गाण्याचा अर्धा जीव इथे आहे.

गिटार नेहमी ज्या सुरांत लावतात, तशी ही लावलेली नाही. जाड तारेपासून सुरुवात करून सूर येतात ते असे: सी, जी, ई, जी, सी, सी. मावशीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एक धरा, म्हणजे सी हाच सा, आणि म्हणा, सा प ग प सा सा. डाव्या हाताचं बोट कुठेही न ठेवता नुसता हात फिरवला तरी भरलेला सूर उठतो. आणि शेवटच्या दोन तारा बघा. दोन्ही एकाच सा मध्ये. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, ज्यांना आपण जोडी म्हणतो, त्यांचंच हे नातं. दोन तारा एकाच सुराला लावल्या तरी केसभर फरक राहतोच, आणि त्या फरकातून सूर थरथरतो.

मी हे मावशीला गिटारवर लावून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “हा तर तंबोराच झाला की.”

त्या तंबोऱ्यावर व्हर्नन हात आपटतो. अक्षरशः आपटतो, ताल तिथूनच मिळतो. वर आवाज त्याचा एकट्याचाच, पण एकावर एक रेकॉर्ड केलेला. त्यामुळे एक माणूस गातोय आणि त्याच्याच गळ्याचे टाळकरी मागे उभे आहेत असं वाटत राहतं. धृपदात शब्द आहेत समजावणीचे, धीरानं घे अशा धाटणीचे, आणि तो ते ओरडून म्हणतो. जे स्वतःला जमलं नाही ते दुसऱ्याला ओरडून सांगणारा माणूस. मावशीला ऐकू आलेला राग हाच.

(दृश्य: दादर. संध्याकाळ. नाट्यगृहाबाहेरचे फलक.)

आपल्या मुंबईत दुसऱ्याचं गाणं गाण्याची मोठी परंपरा आहे. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागला की आजही माणसं घरातून लवकर निघतात. तिथे गायकाला मिळणारी सगळ्यात मोठी दाद म्हणजे ‘हुबेहूब’. डोळे मिटले तर मूळ गायकच समोर उभा. माझे बाबा हा शब्द असा उच्चारायचे की त्यापुढे काही बोलायला जागाच उरत नसे. त्या कौतुकामागे प्रेम आहे, आणि मेहनतही प्रचंड आहे. म्हणूनच कव्हर, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्यानं पुन्हा गाणं, म्हटलं की माझ्या मनात बरीच वर्षं तेच होतं: मूळच्या जितकं जवळ, तितकं चांगलं.

बर्डीनं मला त्यातून बाहेर काढलं.

(दृश्य: पियानोच्या पट्ट्या. खिडकीतून येणारा उजेड.)

जास्मिन व्हॅन डेन बोगार्ड हे तिचं खरं नाव. बर्डी हे घरातलं लाडाचं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या लिमिंग्टन गावातली मुलगी, आई पियानोवादक. २००८ मध्ये, बारा वर्षांची असताना, तिनं ‘ओपन माइक यूके’ ही स्पर्धा जिंकली. २०११ च्या जानेवारीत तिचं ‘स्किनी लव्ह’ आलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ब्रिटनमध्ये ते सतराव्या क्रमांकापर्यंत गेलं, ऑस्ट्रेलियात दुसऱ्या. जगभरच्या कितीतरी लोकांच्या कानावर हे गाणं पहिल्यांदा आलं ते तिच्या आवाजात.

चौदा वर्षांच्या मुलीला मोडलेल्या संसारातलं काय कळतं, असं विचारणारे तेव्हाही होते. आपल्याकडे हा प्रश्न फारसा टिकत नाही. मावशीच्या मंडळातली सातवीतली मुलगी विराणी गाते तेव्हा तिला विरह कळलाय का, असं कुणी विचारत नाही. सूर खरा लागला की बाया पदर डोळ्यांना लावतात.

तिनं नेमकं काय बदललं? अभंगाच्या बाबतीत आपल्याला सवय आहे की शब्द तुकोबांचे आणि चाल ज्या त्या मंडळाची. इथे चाल हलवायची नव्हती. उरलं काय, तर वाद्य, लय आणि गळा. तिनं तो तंबोरा काढून टाकला. पियानोचा सूर वाजला की त्याच क्षणापासून विरायला लागतो, सतत छेडत राहिलेल्या गिटारच्या खुल्या तारांसारखा घुमत राहत नाही. दोन सुरांच्या मध्ये पोकळी राहते आणि त्या पोकळीत ती एकटी असते. मागे टाळकरी नाहीत, हात आपटणं नाही. मूळ गाणं जवळपास चार मिनिटांचं, हिचं साडेतीनच्या आत संपतं, तरी हिचंच जास्त लांबल्यासारखं वाटतं. आणि धृपदातले तेच समजावणीचे शब्द, जे व्हर्नन ओरडतो, ते इथे खरोखर कुणाला तरी जवळ बसवून सांगितल्यासारखे येतात.

तिनं काही गमावलंसुद्धा आहे, ते सांगायलाच हवं. त्या खोपटातली थंडी, फाटलेला आवाज, स्वतःवरची चीड, हे सगळं पियानोच्या गुळगुळीत पट्ट्यांवरून ओघळून जातं. काही वेळा मला ते फार सुंदर वाटतं, म्हणजे गरजेपेक्षा सुंदर.

इथे एक गोष्ट सांगून पुढे जाते. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. मूळ मालकाच्या संमतीशिवाय, नुसती कायद्यातली रॉयल्टी आगाऊ भरून कव्हर काढायचं असेल, तर पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर आणखी पाच वर्षं थांबावं लागतं, आणि मूळ रचनेत मनासारखे फेरफार करता येत नाहीत. बर्डीला हा नियम लागू असता, तर २००७ च्या गाण्याला २०१३ उजाडावं लागलं असतं. जुन्या गाण्यांच्या स्वस्त कॅसेट स्टेशनबाहेर ढिगानं विकल्या जात, ते दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा नियम का आला ते कळेल. पण चौदाव्या वर्षीचा आवाज सोळाव्या वर्षी तसाच राहिला असता का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

(दृश्य: पुन्हा मावशीची खोली. पेटीवर तिची बोटं.)

त्या गुरुवारी मावशीनं दोनदा ऐकून ती चाल पेटीवर काढली. आधी नेहमीसारखीच वाजवली, भाता चालू ठेवून, सूर अखंड. मान हलवली. “हिच्यासारखं होत नाही,” म्हणाली. मग तिनं भात्यावरचा हात सैल सोडला. एक पट्टी दाबायची आणि हवा संपू द्यायची. सूर उठला, बारीक होत गेला, आणि खालच्या गल्लीतल्या पावसात मिसळला. पुढची पट्टी. पुन्हा तसंच. चार-पाच सूर तिनं असेच मरू दिले.

जिन्यावर चपलांचा आवाज आला. मंडळातल्या बायका येत होत्या.

मावशीनं पेटीचा भाता बंद केला, चष्मा डोक्यावर सरकवला आणि मोबाइल माझ्याकडे सरकवत म्हणाली, “त्या येईपर्यंत त्या पहिल्याचं परत लाव. तो चिडलेला.”