नुसती हवा

(दृश्य: भिंतीलगत साखळीने बांधलेले पाच सिलिंडर. पार्श्वसंगीत नाही.)

यातले भरलेले कोणते आणि रिकामे कोणते, नुसतं बघून सांगता येईल? नाही येणार. भरलेला सिलिंडर फुगत नाही, आवाज करत नाही, त्याला वासही येत नाही. आत काय आहे असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही, नुसती हवा."

घात होतो तो या "नुसती"मुळे. अ‍ॅसिटिलीन म्हटलं की माणूस दहा हात लांब राहतो, ऑक्सिजन म्हटलं की विडी विझवतो. पण हवा तर आपण जन्मापासून श्वासात घेतोय. तिला कोण घाबरणार?

(दृश्य: पाणबुड्याचा १२ लिटरचा सिलिंडर, प्रेशर गेजचा काटा २०० वर.)

हिशेब करून बघू. हा सिलिंडर १२ लिटरचा आहे, दाब २०० बार. एक बार म्हणजे साधारण आपल्या आजूबाजूच्या हवेएवढा दाब. म्हणजे बाहेरची सुमारे २४०० लिटर हवा या एवढ्याशा पोटात कोंबली आहे. त्या हवेचं वजनच पावणेतीन किलोच्या आसपास भरतं. मोटारीच्या टायरमध्ये दाब असतो सव्वादोन-अडीच बार. आग विझवणारे जवान पाठीवर घेतात, त्यातल्या बऱ्याच सिलिंडरांचा दाब तर ३०० बार असतो.

आता मान बघा. वॉल्व्हच्या आट्यांचा व्यास २५ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त. एवढ्याशा जागेवर आतून रेटा बसतो जवळजवळ एक टनाचा. तो थोपवून धरलाय या थोड्याशा आट्यांनी. सिलिंडर आडवा पडला, वॉल्व्ह कशावर तरी आपटून मोडला, तर हवा एका बाजूने सुटते आणि सिलिंडर उलट्या दिशेला सुटतो. अशा वेळी तो कुठे जाईल हे कोणाच्याच हातात नसतं.

म्हणून ही साखळी. सिलिंडर उभा, आणि साखळी उंचीच्या दोनतृतीयांशावर, कारण खाली बांधलेला सिलिंडर वरून कलतोच. कारखान्यातल्या मोठ्या सिलिंडरला हलवताना वॉल्व्हवर टोपी घातलेलीच हवी.

(दृश्य: एक कामगार मोठा सिलिंडर ट्रॉलीवर घेतो, पट्टा आवळतो.)

५० लिटरचा लोखंडी सिलिंडर रिकामा असतानाही साठ किलोच्या आसपास असतो. तो ओढत न्यायचा नाही, आडवा करून लोटायचा नाही, क्रेनच्या हुकाला वॉल्व्ह किंवा टोपी अडकवून उचलायचा तर मुळीच नाही. आणि एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायची आहे, कारण ती आपल्या सहज प्रवृत्तीच्या विरुद्ध जाते. सिलिंडर पडायला लागला तर तो सावरायला जाऊ नका. हात काढा, पाय काढा, बाजूला व्हा. तोल गेलेलं एवढं वजन माणसाच्या हातांनी थांबत नाही, बोटं मात्र जातात.

(दृश्य: उन्हात उभी बंद गाडी, मागच्या भागात सिलिंडर.)

उन्हाचं काय? २० अंशांना २०० बार असलेला दाब ६० अंशांना २२७ बारच्या आसपास पोहोचतो. एवढ्याने धडधाकट सिलिंडर फुटत नाही, कारण त्याची चाचणी दीडपट दाबावर झालेली असते. पण तो धडधाकट आहे हे गृहीत धरून त्याला उन्हात सोडायचं कशाला? खरी धास्ती आहे ती आगीची. त्यातही अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरची. पावणेदोनशे अंशांच्या पुढे तापला की त्या धातूची ताकद कमी होते, आणि गार झाल्यावर ती परत येत नाही. बाहेरून काही कळतही नाही. म्हणून जुना सिलिंडर नव्यासारखा दिसावा म्हणून रंगवून भट्टीत भाजून घेणं अतिशय धोक्याचं आहे. रंग छान बसतो, सिलिंडर कायमचा निकामी होतो. आगीची झळ लागलेला सिलिंडर तज्ज्ञाने तपासल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही.

(दृश्य: कापलेल्या लोखंडी सिलिंडरचा आतला भाग. तळाशी तांबूस गंज.)

या पुढच्या गोष्टीवर मात्र जरा थांबू. माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते हिच्याबद्दल. पाणी.

सिलिंडरमध्ये पाणी शिरतं कसं? भरताना वॉल्व्हच्या तोंडाशी चार थेंब राहिलेले असतात. हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा फिल्टर वेळेवर बदललेला नसतो. किंवा पाण्याखाली सिलिंडर पार रिकामा होतो आणि उघड्या वॉल्व्हमधून बाहेरचं पाणी आत येतं. ते समुद्राचं असेल तर आणखी वाईट. मग लोखंड गंजायला लागतं, आणि दाबाखालच्या हवेत ऑक्सिजन भरपूर असल्याने झपाट्याने गंजतं.

गंजाने भिंत पातळ होते, हे सगळ्यांना पटतं. दुसरा धोका पटकन लक्षात येत नाही. गंज चढतो तो आतल्याच ऑक्सिजनवर. समजा २०० बारचा सिलिंडर महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहिला. सुरुवातीला त्यात ऑक्सिजनचा वाटा सुमारे ४२ बार. त्यातला २० बार गंजाने खाल्ला, तर काटा दाखवेल १८०. बघणारा म्हणेल, थोडी गळाली असेल. पण त्या हवेत आता ऑक्सिजन २१ टक्के नाही, १२च्या आसपास आहे. वास तोच, चव तीच. श्वास घेणाऱ्याला धोक्याची कुठलीही खूण मिळत नाही. आधी डोकं जड होतं, मग शुद्ध जाते. माणसं अशी गेली आहेत.

यावरचा उपाय मात्र साधा आहे. सिलिंडर पूर्ण रिकामा करायचा नाही, दहा-वीस बार राखून ठेवायचे. आतून दाब असला की बाहेरची ओल शिरत नाही. बराच काळ वापर नसेल, तर एवढ्याच दाबावर, उभा ठेवायचा. उभा अशासाठी, की आत चुकून ओल गेलीच असेल तर ती तळाशी जमते, आणि तळ भिंतीपेक्षा जाड असतो. श्वासासाठीची हवा खूप दिवस पडून असेल तर ती सोडून द्यायची, सिलिंडर आतून बघून घ्यायचा आणि मगच ताजी भरायची.

(दृश्य: चालू कॉम्प्रेसर, हवा ओढणारी नळी दूर, उंचावर नेलेली.)

ही नळी कुठे उघडते, हे भरून घेणाऱ्या प्रत्येकाने विचारावं. जवळ एखादं इंजिन धूर सोडत असेल, तर त्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड थेट सिलिंडरमध्ये जातो. वास घेऊन तो ओळखता येत नाही. ३० मीटर खोलीवर आजूबाजूचा दाब ४ बार असतो, त्यामुळे तिथे दर श्वासाला तो चौपट आत जातो.

(दृश्य: वॉल्व्ह हळूहळू उघडणारा हात. चेहरा बाजूला.)

वॉल्व्ह हळू उघडायचा, तोंड माणसांपासून वळवून. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी. दाब असताना आटे आवळायला जायचं नाही. आणि कपड्यांवरची धूळ उडवायला ही हवा अंगावर कधीच घेऊ नका. जोराचा झोत कातडी भेदून आत जाऊ शकतो, डोळा कायमचा घालवू शकतो.

(दृश्य: चाचणी केंद्र. वॉल्व्ह काढलेला सिलिंडर पाण्याने भरलेल्या मोठ्या टाकीत उतरतो.)

दर काही वर्षांनी, बऱ्याच देशांत ५ वर्षांनी, सिलिंडर इथे येतो. आत पाणी भरून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट किंवा थोडा अधिक दाब दिला जातो. पाणीच का? कारण पाणी दबत नाही, त्यात हवेसारखी ताकद साठत नाही. सिलिंडर इथे फाटलाच, तर स्फोटाऐवजी धार उडते. दाबाखाली सिलिंडर किंचित फुगतो, बाहेरच्या टाकीतलं तेवढंच पाणी सरकतं आणि ते मोजलं जातं. दाब काढल्यावर धातू मूळ मापाला यायला हवा. फुगला त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त फुगलेलाच राहिला, तर तो बाद.

(दृश्य: दोन सिलिंडर शेजारी शेजारी.)

डावीकडचा बाद झाला. त्याच्या मानेचे आटे कापून टाकतील, म्हणजे पुन्हा कोणी भरू शकणार नाही. उजवीकडचा पास झाला. आतून गरम हवेने सुकवतील, खांद्यावर जुन्या तारखांच्या खाली आजची तारीख ठोकतील, वॉल्व्ह बसवतील.

(आवाज: ठोक्यांचा. मग कॉम्प्रेसर सुरू होतो, काटा शून्यापासून हळूहळू वर चढू लागतो.)