मागचे इंजिन पुढे आणताना

(सातारा येथे वाहनदुरुस्तीच्या व्यवसायातील मंडळी आणि अभियांत्रिकी पदविकेचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान. संपादित.)

मित्रहो,

मागे इंजिन असलेली, हवेने थंड होणारी गाडी घ्यायची, तिचे इंजिन पुढे आणायचे आणि चाके मात्र मागचीच फिरवायची, हा उद्योग जगभरच्या हौशी लोकांनी केलेला आहे. आपल्याकडेही एखादी जुनी फोक्सवॅगन बीटल हाती लागली आणि तिच्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले, की ओम्नीचे नाहीतर ईकोचे इंजिन पुढे बसवावे असे कोणाच्या तरी मनात येतेच. आज मी मुख्यतः बीटलच डोळ्यांसमोर ठेवून बोलणार आहे, कारण या जातीची तीच गाडी आपल्या लोकांना माहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या कामात इंजिन बसवणे हा सर्वांत सोपा भाग असून खरी अडचण ओझ्याच्या हिशेबाची आहे, आणि तो हिशेब कागदावर मांडल्याशिवाय गॅस कटर हातात घेऊ नये.

हवेने थंड होणारे इंजिन साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गावात तयार झालेल्या प्रिया स्कूटरचे इंजिन मागच्या चाकाशेजारी, पत्र्याच्या आवरणात असे आणि फ्लायव्हीलच्या पात्यांचा वारा सिलिंडरवर सोडला जाई. बीटलमध्ये तत्त्व तेच आहे. फक्त चार सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले आहेत आणि पंखा डायनॅमोच्या शाफ्टवर बसवलेला असून तो पट्ट्याने फिरतो. इंजिन मागच्या ॲक्सलच्या मागे, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारा दातेरी चाकांचा संच) एकाच घरात त्याच्या पुढे, आणि गाडीच्या मधोमध पत्र्याचा एक टनेल, अशी ही मांडणी आहे. प्लॅटफॉर्मचा, म्हणजे गाडीच्या पत्र्याच्या तळाचा, कणा असलेल्या या टनेलमधून गिअरचा रॉड, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, हँडब्रेकच्या केबली आणि पेट्रोलची नळी जाते. पुढच्या इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा लांब फिरता दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, नाही, म्हणून टनेल लहान. टनेल लहान, म्हणून आत बसायला जागा बरी.

इथे थोडे मागे जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. अभियंते हान्स लेडविंका यांनी आखलेली, चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीची टाट्रा ११ ही गाडी १९२३ साली आली. तिचे दोन सिलिंडरचे, हवेने थंड होणारे आडवे इंजिन पुढे होते, फिरत होती मागची चाके, आणि चॅसी म्हणून मधोमध एक जाड नळी होती, जिच्या पोटातून प्रॉपेलर शाफ्ट जात असे. म्हणजे आपण आज ज्याला बदल म्हणतो आहोत, ती मांडणी हवेने थंड होणाऱ्या गाड्यांच्या घराण्यात आधी होऊन गेलेली आहे. पुढे १९३४ च्या टाट्रा ७७ मध्ये त्याच लेडविंकांनी इंजिन मागे नेले. पुढे बसवलेले हवेचे इंजिन गरमच होणार, असे जे गॅरेजमध्ये ऐकू येते त्यात म्हणून तथ्य नाही. पंखा, पत्र्याचे आवरण आणि तापलेली हवा खाली बाहेर पडण्याची वाट या तीन गोष्टी नीट असल्या की ते पुढेही चालते. बीटलच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. तिचे इंजिन रुंद आहे आणि पुढच्या दोन चाकांच्या मध्ये स्टिअरिंग बॉक्स, टाय रॉड आणि टॉर्शन बारच्या (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी कांबींच्या) दोन आडव्या नळ्या आधीच बसलेल्या आहेत. म्हणून करणारे बहुतेक लोक उभ्या सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन निवडतात आणि पेट्रोलची टाकी व स्टेपनी यांना दुसरी जागा शोधतात.

आता ओझ्याकडे येऊ. हिशेबासाठी बीटलचे वजन ८०० किलो धरू, त्यातले ४० टक्के पुढे आणि ६० टक्के मागे, म्हणजे ३२० आणि ४८० किलो. दोन ॲक्सलमधले अंतर २४०० मिलिमीटर आहे. इंजिन १०० किलोचे आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या ५०० मिलिमीटर मागे आहे असे मानले, तर ते काढल्यावर मागच्या चाकांवरून १०० नव्हे, १२१ किलो कमी होतात आणि पुढच्या चाकांवर २१ किलो वाढतात, कारण मागे लोंबणारे ते वजन पुढच्या बाजूला सतत वर उचलत होते. आता तेवढ्याच वजनाचे इंजिन पुढच्या ॲक्सलच्या ३०० मिलिमीटर मागे ठेवा. पुढे आणखी ८७ आणि मागे १३ किलो येतात. शेवटचा आकडा पुढे ४२८ आणि मागे ३७२ असा निघतो. रेडिएटर, त्यातले पाणी, प्रॉपेलर शाफ्ट आणि नवे ॲक्सल हाऊसिंग यांतले काहीही मी अजून धरलेले नाही.

हे आकडे माझ्या गृहीतांवरचे आहेत. तुमच्या गाडीचे तुम्हीच काढायचे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आपल्या भागात दर काही मैलांवर साखर कारखान्याचा वजनकाटा आहे. हंगाम नसताना विनंती करून गाडी न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके, अशी तीन वाचने घ्यावीत. पहिल्याची आणि तिसऱ्याची बेरीज दुसऱ्याशी जुळली पाहिजे. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन समपातळीत असावी, नाहीतर वाचन फसवे येते. ट्रक तोलणाऱ्या काट्यावर एकेका किलोचा हिशेब लागत नाही, पण या कामाला तेवढी बारकाई लागतही नाही.

पुढचे ओझे ३२० वरून ४२८ वर जाणे म्हणजे एक तृतीयांशाने वाढणे. पुढचे टॉर्शन बार ३२० किलोसाठी घडवलेले आहेत; गाडीचे नाक खाली बसते, स्टिअरिंग जड होते, आणि किंगपिनच्या (पुढचे चाक ज्या खुंटीभोवती वळते तिच्या) बुशी लवकर जातात. मागचे बार मात्र आता गरजेपेक्षा कडक ठरतात आणि रिकामी गाडी मागे उडू लागते. टायरमधल्या हवेचे प्रमाणही बदलावे लागते. मागे इंजिन असलेल्या गाड्यांत पुढच्या टायरमध्ये मुद्दाम कमी हवा ठेवतात. शेवरोले कॉर्व्हेर या अमेरिकन गाडीसाठी कंपनीने पुढे १५ आणि मागे २६ पौंड सांगितले होते, आणि ज्याने चारही टायरमध्ये सवयीने सारखी हवा भरली त्याची गाडी वळणावर मागून निसटायला अधिक तयार होई. बदललेल्या गाडीत हा जुना आकडा चालत नाही.

ब्रेक हा याहून गंभीर भाग आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकच्या जोराची वाटणी कंपनीने मूळच्या ओझ्यावरून ठरवलेली असते. मागे ६० टक्के वजन असलेल्या गाडीत मागच्या ड्रमला बरेच काम दिलेले असते. तेच ड्रम ठेवून मागचे ओझे शंभरावर किलोंनी कमी केले, तर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाके आधी जाम होतात, आणि मागची चाके आधी जाम झालेली गाडी सरळ थांबत नाही, फिरते. पांचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना हे कळणे फार महाग पडेल. पुढे डिस्क बसवणे आणि मागच्या व्हील सिलिंडरचा व्यास किंवा मागच्या लाइनमधला दाब कमी करणे, ही दोन्ही कामे इंजिनाच्या माउंटिंगच्या आधी यादीत लिहिली पाहिजेत.

मग मूळ मांडणी चांगली आणि बदललेली वाईट, असे आहे का? तसेही नाही. जुन्या बीटलमध्ये मागे स्विंग ॲक्सल होता, म्हणजे ॲक्सल फक्त गिअरबॉक्सच्या बाजूला सांध्यात हलायचा आणि चाक ॲक्सलबरोबर तिरके व्हायचे. वळणावर वेगात असताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग वर उचलला जाई, बाहेरचे चाक आत दुमडे, आणि मागचे जड इंजिन गाडीला बाहेर फेकू पाही. १९६४ पर्यंतच्या कॉर्व्हेरवर अमेरिकन वकील राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये जी टीका केली, तिचे मूळ याच रचनेत होते. इंजिन पुढे आणले की हा दोष बराच सौम्य होतो. पण चढावर हिशेब उलटतो. पावसाळ्यात यवतेश्वरच्या वर कासच्या वाटेला चिखल आलेला असतो, तिथे टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.३ धरली तर ६० टक्के ओझे मागे असलेली गाडी ढोबळमानाने १८ टक्क्यांचा चढ चढू शकते. मागे ४६ टक्केच राहिले तर १४ टक्क्यांच्या आसपास चाके जागेवर फिरू लागतात. घाटात मागे इंजिन असलेल्या गाड्यांचे कौतुक करणारे जुने ड्रायव्हर उगाच बोलत नव्हते.

आता शक्ती मागे नेण्याचा प्रश्न. इथे दोन वाटा आहेत आणि दोन्हींत खाचखळगे आहेत.

पहिली वाट अशी की इंजिन पुढे न्यायचे, पण बीटलचा मूळ गिअरबॉक्स मागेच ठेवायचा. कल्पना मोहक आहे, आणि लान्चिया ऑरेलियात १९५० मध्ये आणि आल्फा रोमिओच्या आल्फेटात १९७२ मध्ये पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स ही रचना कंपन्यांनीच वापरली आहे. पण बीटलच्या गिअरबॉक्सचे तोंड मागे असते. शाफ्ट पुढून येणार म्हणून तो उलटा फिरवून बसवला की चाके उलट्या दिशेने फिरतात, आणि गाडीला चार रिव्हर्स आणि एक पुढचा गिअर मिळतो. उपाय असा की डिफरन्शियल उघडून क्राऊन व्हील (मोठे दातेरी चाक) पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) दुसऱ्या बाजूला बसवायचे. ते शक्य आहे, फक्त शिम (पातळ चकत्या) आणि बॅकलॅश (दात्यांमधली फट) पुन्हा नीट जुळवावे लागतात. खरी अडचण पुढे आहे. गिअरबॉक्स मागे असल्यामुळे शाफ्ट प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाच्याच वेगाने फिरतो. ६० मिलिमीटर बाह्य व्यासाची पातळ पोलादी नळी १.८ मीटर लांब आणि फक्त दोन टोकांना धरलेली असेल, तर मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांना ती मधोमध धनुष्यासारखी वाकू लागते. एवढ्या फेऱ्या तर पहिल्या गिअरमध्येच होतात. म्हणून मध्ये बेअरिंग हवेत, आणि ती धरायला भक्कम नळी हवी.

दुसरी वाट सरळ आहे. ओम्नीसारख्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र पुढे, मग प्रॉपेलर शाफ्ट, मग डिफरन्शियलचे हाऊसिंग. गिअरबॉक्सनेच बरीच लांबी घेतल्यामुळे शाफ्ट १.३ मीटरच्या आसपास उरतो, आणि त्याच नळीची धोक्याची मर्यादा ५,८०० च्या पुढे जाते. डिफरन्शियलचे प्रमाण ४.३७५ आणि टायरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर धरली, तर ताशी ८० किलोमीटरला शाफ्ट सुमारे ३,००० फेऱ्या घेतो, तेव्हा चिंता नाही. मात्र पहिल्या गिअरमध्ये या शाफ्टवर इंजिनाच्या तीन-चार पट पीळ येतो, म्हणून नळीच्या टोकांची वेल्डिंग घरच्या घरी करू नये. शाफ्ट बनवून बॅलन्स करून देणाऱ्याकडेच ते काम द्यावे.

क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटच्या, कोनाबद्दल मी थोडा आग्रही आहे. एकटा क्रॉस कोनात फिरताना पुढचा शाफ्ट एकसारखा फिरला तरी मागचा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे पडतो. कोन १० अंश असेल तर हा फरक दीड टक्का असतो, २० अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो. दोन्ही टोकांच्या योकचे (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांचे) कान एकाच रेषेत ठेवले आणि गिअरबॉक्सचा व पिनियनचा शाफ्ट एकमेकांना समांतर ठेवले, की एकाची चूक दुसरा भरून काढतो. बीटलमध्ये इंजिन टॉर्शन बारच्या नळ्यांच्या वर चढवण्याचा मोह होतो आणि मग गिअरबॉक्स तिरका उतरतो. अशी गाडी ५० च्या वेगाला गुणगुणते आणि मालक आयुष्यभर व्हील बॅलन्सिंग करत बसतो.

हे सगळे बसवायचे कुठे, हा प्रश्न उरतो, कारण मूळ टनेलमध्ये शाफ्ट आणि त्याचे वर-खाली हलणे मावत नाही. टनेल कापून रुंद केला तर प्लॅटफॉर्मचा कणाच कापला जातो, आणि मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) लटकवायला या गाडीला चॅसीचे लांब पोलादी चॅनेलही नाहीत. टनेल कापण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि त्याचे दुसरे कारण कायद्याचे आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातील (नोंदणी प्रमाणपत्रातील) तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. एमएच-११ (सातारा) असो वा एमएच-१० (सांगली), अशा गाडीचे पासिंग होईल या भरवशावर कोणी खर्च करू नये. ही गाडी वर्कशॉपच्या आवारातली आणि अभ्यासाची समजावी. बीटलचा चॅसी नंबर मागच्या सीटखाली त्या टनेलवरच ठोकलेला असतो, म्हणजे तिथे कटर चालवणारा गाडीची ओळखही धोक्यात घालतो. सुदैवाने या गाडीची बॉडी प्लॅटफॉर्मला कडेने बोल्टांनी जोडलेली असते. ते बोल्ट सोडवून बॉडी उचलावी, तिच्या मापाची चौकोनी पाइपची वेगळी चॅसी तयार करून नवे इंजिन, शाफ्ट, ॲक्सल आणि ब्रेक तिच्यावर बसवावेत, बॉडी पुन्हा बोल्टांनीच जोडावी, आणि मूळ प्लॅटफॉर्म इंजिन-गिअरबॉक्ससह तेल लावून, झाकून ठेवावा. खर्च थोडा जास्त येईल, पण उद्या कोणाला ती गाडी पूर्ववत करायची झाली तर पान्ह्यांचेच काम राहील.