शिनोळी नाक्याच्या अलीकडे

(दृश्य: चंदगड–बेळगाव रस्ता, महाराष्ट्र–कर्नाटक सीमेवरचा शिनोळीचा नाका)

चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यातला. पण कोल्हापूर इथून शंभरावर किलोमीटर, आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून बाळंतपण असो की छातीत दुखणं, इथली माणसं बेळगावचीच वाट धरतात. मार्च २०२० मध्ये एसटी थांबली, राज्याची सीमा बंद झाली. २०२१ मध्ये तर कर्नाटकात शिरायला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल लागू लागला.

(दृश्य: कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाची दगडी इमारत)

निर्बंध उगाच नव्हते. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक वणवण फिरत होते. पण कोरोनाचा आकडा रोज संध्याकाळी जाहीर व्हायचा. बाकीच्या आजारांचा हिशेब कोण मांडत होतं?

(दृश्य: थुंकीची डबी, ट्रूनॅट यंत्र, आशाताईंची वही)

क्षयाचंच बघा. खोकला दोन आठवड्यांवर गेला की आशाताई झाकणाची डबी देतात. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची, खोल खोकून छातीतला बेडका डबीत घ्यायचा. नुसती लाळ चालत नाही. डबी जाते आरोग्य केंद्रात, तिथून ट्रूनॅट यंत्रावर. तासाभरात जंतू आहेत का ते कळतं. असले, तर रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडेल का, हेही हेच यंत्र सांगतं. मग किमान सहा महिने गोळ्या, रोज. मध्येच सुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

एप्रिल २०२० पासून हीच यंत्रं कोरोनाच्या तपासणीलाही जुंपली गेली. आशाताईही कोरोनाच्या सर्वेक्षणावर. आणि खोकला आला तरी माणूस सांगेना. उचलून विलगीकरणात नेतील, ही धास्ती.

(दृश्य: आजोबा गोळ्या घेताना. निवेदन नाही.)

देशात २०१९ मध्ये क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. क्षय हटला नव्हता, रुग्ण शोधणं मागे पडलं होतं.

(दृश्य: पुन्हा नाका, वाहनं ये-जा करताना)

पुढच्या साथीत सीमा बंद करायची वेळ आलीच, तर डायलिसिसवाले, केमोवाले, क्षयाच्या गोळ्या संपलेले यांना कसं सोडायचं, हे पहिल्या दिवसाच्या आदेशातच लिहिलेलं हवं. आणि शिनोळीपुरतं ते कोल्हापूरनं एकट्यानं लिहून भागणार नाही. बेळगावच्या प्रशासनाशी आत्ताच बसून ठरवावं लागेल.