पांढऱ्या गाडीवरची काळी फिल्म

[दृश्य: उंच खांबांवरून गेलेली काँक्रीटची अरुंद तुळई. लांबून येणारी गाडी अजून ठिपक्याएवढी.]

फ्लोरिडा, २०१० साल. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणुकीच्या नगरीच्या अवाढव्य पार्किंगला लागून असलेलं मोनोरेलचं, म्हणजे एकाच तुळईवरून धावणाऱ्या गाडीचं, स्थानक. फलाटावर गर्दी आहे. मुलं कठड्याच्या फटीतून वाकून बघतायत. इथं वर्षानुवर्षं येणाऱ्यांना काय येणार हे पाठ आहे: पांढरीशुभ्र, निमुळत्या नाकाची, सहा डब्यांची गाडी आणि तिच्या अंगावर एकच रंगीत पट्टा.

आली ती काळी. नाकापासून शेपटीपर्यंत काळी, आणि अंगावर मोटारसायकलच्या मागं उमटत जाणारी प्रकाशाची झगझगीत रेघ. 'ट्रॉन: लेगसी' हा चित्रपट त्या वर्षीच्या डिसेंबरात यायचा होता. त्याची जाहिरात कितीतरी महिने आधी रुळावर आली होती. रुळावर म्हणजे, तुळईवर.

फलाटावरच्या काहींनी कॅमेरे काढले. काहींचे चेहरे पडले. आपल्या ओळखीच्या माणसानं एकाएकी कुठल्यातरी कंपनीचा टी-शर्ट घालून दारात यावं, तसं काहीसं.

[दृश्य: तळ्याच्या कडेनं जाणारी पांढरी गाडी, पलीकडे किल्ला.]

एका गाडीच्या रंगावरून एवढं मनाला लावून घ्यायचं कारण काय? ते समजायचं तर ही गाडी तिथं काय काम करते ते बघावं लागेल.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं. मॅजिक किंगडम ही तिथली किल्ल्याची बाग. तिच्या दारात तुम्हाला गाडी लावता येत नाही. मोटार लांब ठेवायची आणि मग तळं ओलांडायचं, बोटीनं किंवा मोनोरेलनं. हे मुद्दाम केलेलं आहे. मोटार, पेट्रोल, डांबर, घामेजलेलं स्टिअरिंग, सगळं अलीकडच्या काठावर राहतं. मधली ती काही मिनिटं म्हणजे नाटकाची तिसरी घंटा. गाडी एका हॉटेलच्या पोटातून आरपार जाते, डावी-उजवीकडं पाणी दिसतं, आणि मग १८९ फुटांचा किल्ला. दारं बंद होण्याआधी स्पॅनिशमधली ती प्रसिद्ध सूचना, 'पोर फावोर मांतेंगान्से अलेहादोस दे लास पुएर्तास', दारांपासून दूर राहा. स्पॅनिशचा दुसरा शब्द न येणारेही हे वाक्य तालासुरात म्हणून दाखवतात.

म्हणजे ही नुसती ने-आण करणारी गाडी नाही. खेळाचा पहिला प्रवेश तिच्यात होतो.

आणि तो पट्टा. इथं बारा गाड्या आहेत आणि त्यांना नंबरांपेक्षा रंगांनी ओळखतात. लाल, निळी, सोनेरी, चंदेरी, लिंबाच्या रंगाची. जाहिरात छापलेल्या काळ्या, चिकटणाऱ्या फिल्मखाली झाकली गेली ती कोरल, म्हणजे पोवळ्याच्या रंगाची. २०३ फूट लांबीच्या अंगावर हा पट्टा एवढंच तिचं नाव. जाहिरात चढली की आधी नाव जातं.

[दृश्य: कॅलिफोर्निया. डिस्नेलँडचं प्रवेशद्वार, वर रेल्वेचं स्थानक, खाली दोन बोगदे.]

आता थोडं मागं जाऊ. अनाहाइम, जुलै १९५५. डिस्नेलँडच्या दारातून आत शिरताना रेल्वेच्या रुळांखालून जावं लागतं. तिथं एक पाटी आहे. तिचा आशय असा: इथं तुम्ही आजचा दिवस मागं ठेवता आणि काल, उद्या आणि कल्पनेच्या जगात पाऊल टाकता.

आजचा दिवस मागं ठेवता. हे शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

पाटी लावून काम होत नाही हे वॉल्ट डिस्नेला माहीत होतं. म्हणून बागेभोवती मातीचा उंच बांध घातला, त्यावर झाडं लावली. आतून बाहेरचं शहर दिसू नये, एवढ्यासाठी. आतही एका प्रदेशातून दुसऱ्याचं दर्शन होऊ नये याची खटपट. असं सांगतात की काउबॉयच्या वेशातला एक कर्मचारी ड्यूटीवर जाताना भविष्याच्या जगातून, टुमॉरोलँडमधून, रमतगमत चाललेला वॉल्टला दिसला आणि ते त्याला फार खटकलं. पुढं फ्लोरिडात मॅजिक किंगडम बांधलं तेव्हा कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी खालच्या मजल्यावर बोगद्यांचं जाळंच केलं आणि बाग त्याच्यावर उभारली. पाहुणे चालतात तो खरं तर पहिला मजला.

एक काउबॉय चुकीच्या रस्त्यानं जाऊ नये म्हणून अख्खी बाग एक मजला वर उचलली! आणि त्याच कंपनीच्या गाडीवर पुढं २०१२ मध्ये 'ॲव्हेंजर्स' या चित्रपटातले वीर हातात हत्यारं घेऊन तळ्याकाठानं फिरले.

[दृश्य: जुन्या कृष्णधवल छायाचित्रांची मालिका.]

पण थांबा. 'पूर्वी सगळं कसं निर्मळ होतं' असं म्हणायची घाई नको. कारण नव्हतं.

ज्या रुळांखाली ती पाटी आहे, त्या रुळांवरच्या रेल्वेचं नाव काय होतं? 'सांता फे अँड डिस्नेलँड रेलरोड'. सांता फे ही खरीखुरी रेल्वे कंपनी, आणि १९७४ पर्यंत तिचं नाव या छोट्या गाडीवर होतं. 'आजचा दिवस मागं ठेवा' ही पाटी थेट एका जाहिरातीच्या खाली होती म्हणा ना.

पैसा कमी होता. बाग उभी करायला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर लागले, आणि ते गोळा करताना नावं विकणं भागच होतं. मेन स्ट्रीट या जुन्या धाटणीच्या रस्त्यावर पहिल्या वर्षी चक्क स्त्रियांच्या कॉर्सेटचं, म्हणजे घट्ट आवळायच्या अंतर्वस्त्रांचं, दुकानही होतं. फार दिवस टिकलं नाही ते, सुदैवानं. मुलांनी मोटार चालवायच्या ऑटोपियाला रिचफिल्ड या तेल कंपनीनं पैसा दिला होता. टुमॉरोलँडच्या मधोमध ७६ फुटांचं रॉकेट उभं होतं, मूनलायनर, आणि त्याच्या अंगावर टीडब्ल्यूए या विमान कंपनीची अक्षरं.

हे रॉकेट बारकाईनं बघण्यासारखं आहे. पांढरं अंग, लाल पट्टे, तीन पाय. १९५५ मध्ये माणूस अवकाशात गेलेला नाही, स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रहही दोन वर्षं लांब. अशा वेळी एक विमान कंपनी सांगतेय की चंद्रावर जायची तिकिटं उद्या आमच्याच खिडकीवर मिळतील. ही जाहिरातच आहे, शंका नाही. पण ती गोष्टीत भूमिका करते आहे. टीडब्ल्यूएची अक्षरं पुसली असती तर रॉकेट थोडं खोटं वाटलं असतं. खऱ्या जगात विमानांवर कंपनीचं नाव असतंच, मग चंद्रयानावर का नको?

त्याहून गमतीचं उदाहरण पीपलमूव्हरचं. १९६७ साली टुमॉरोलँडमध्ये सुरू झालेली ही डब्यांची संथ माळ. प्रायोजक गुडइयर, टायरवाले. डब्यांना इंजिन नाही, मोटर नाही. मार्गातच ठरावीक अंतरावर रबरी टायर बसवलेले, विजेवर फिरणारे. डबा वरून सरकला की टायर त्याच्या पोटाला घासून त्याला पुढं ढकलतो, पुढचा टायर उचलून धरतो, मग त्याच्या पुढचा. जाहिरातदाराचा माल प्रवाशाच्या खाली प्रत्यक्ष राबत होता. याहून प्रामाणिक जाहिरात मला तरी माहीत नाही.

[दृश्य: पुन्हा काळी मोनोरेल, वळणावर.]

मग या काळ्या गाडीत वेगळं काय?

पाहुण्याला घराचे रिवाज पाळावे लागतात. तेल कंपनी, टायर कंपनी, रेल्वे कंपनी बागेत आल्या तेव्हा त्यांना इथला वेश चढवावा लागला. कुणी भविष्याचा, कुणी जुन्या काळाचा. वेश नीट बसला नाही तर कॉर्सेटच्या दुकानासारखं बाहेर पडावं लागे. गाडीवरची चित्रपटाची जाहिरात मात्र परक्याची नाही, घरमालकाची आहे. स्टुडिओ त्यांचा, गाडी त्यांची, जागेचं भाडं नाही. वर्षाला दीड कोटीच्या वर माणसं येतात त्या दारातला २०३ फुटी फलक, दोन्ही बाजूंनी मोकळा! कुठल्या विक्री विभागाला मोह होणार नाही? आणि घरमालकाला कोण विचारणार, बाबा रे, वेश कुठंय तुझा?

आणखी एक. भिंतीवरचा फलक आपल्या जागी राहतो. आवडला नाही तर माणूस मान वळवतो. गाडी फिरते. ज्या हद्दी राखण्यासाठी बांध घातले, बोगदे खणले, त्या सगळ्या ती दर फेरीला ओलांडते. एपकॉट या डिस्ने वर्ल्डमधल्याच दुसऱ्या बागेला जाणारी मोनोरेल तर बागेच्या आत शिरून वळसा घेते. म्हणजे तुम्ही १८० फुटांच्या त्या चंदेरी गोलासमोर उभे आहात, आणि चौकटीत एका कोपऱ्यातून पोस्टर येतं, दुसऱ्यातून जातं. काही मिनिटांनी परत.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ट्रॉनची गाडी एपकॉटमध्ये वाईट दिसत नव्हती. भविष्याची गाडी, अंगावर निऑनची रेघ, संध्याकाळची वेळ. दिसायला झकासच. गाडीच्या आकाराशी ती रेघ जुळत होती, हे काम करणाऱ्याला दाद द्यायलाच हवी. पण चित्र कितीही देखणं असलं तरी त्याच्यावर एक तारीख चिकटलेली असते. अमुक महिन्यात प्रदर्शित. किल्ल्याला तारीख नाही, घोड्यांच्या गोल चक्राला, कॅरोसेलला, नाही. चित्रपटाला शुक्रवार असतो. जो आजचा दिवस मागं ठेवायचा होता तो इथं गाडीत बसून आपल्या बरोबर येतो.

[दृश्य: खिडकीची काच, अगदी जवळून. काळे बारीक ठिपके.]

आता गाडीच्या आत येऊ, कारण बाहेरून फोटो काढणारे ही बाजू विसरतात.

अख्खी गाडी गुंडाळायची तर खिडक्या सोडता येत नाहीत, चित्र तुटतं. म्हणून काचेवर वेगळी फिल्म लावतात. छपाईवाले तिला वन वे व्हिजन म्हणतात. तिच्यात हजारो बारीक भोकं असतात. बाहेरच्या बाजूला चित्र, आतल्या बाजूला काळा रंग. बाहेर उजेड आणि आत अंधार असेल तर बाहेरच्याला चित्र दिसतं, आतल्याला भोकांतून बाहेरचं जग. युक्ती मोठी नामी आहे.

पण भोकांचा भाग साधारण निम्माच. उरलेला काळा. म्हणजे कडक उन्हातही आत ढगाळ हवा. दिवस मावळला आणि डब्यातले दिवे लागले की युक्ती उलटते, बाहेरचं काही धड दिसेनासं होतं. आणि पाऊस! फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी पाऊस ठरलेला. भोकांत पाणी भरलं की प्रत्येक भोक एक छोटं भिंग होतं. समोरचा किल्ला विरघळतो. पोर काचेला नाक लावून विचारतं, कुठंय? आई म्हणते, तो काय, समोरच. समोर राखाडी ठिपके.

तिसऱ्या घंटेला पडदा वर जायचा, तो खाली आला.

डिस्ने वर्ल्डमधलीच डिस्ने स्कायलायनर ही दोरावर चालणारी पाळण्यांची सेवा २९ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली. तिच्या कित्येक पाळण्यांवर पात्रांची चित्रं आहेत, जणू ती आतच बसलीयत. खालून बघताना मजा वाटते. पण पाळण्यात वातानुकूलन नाही, वाऱ्यावर भिस्त, आणि बसणाऱ्याच्या हाती एकच करमणूक, बाहेर बघणं. नेमकी तीच काच चित्रानं अडवलेली. इथं तर विकायला चित्रपटही नाही. हे मला जाहिरातीपेक्षाही कोड्यात टाकतं. निव्वळ सवय लागली असावी, मोकळा पृष्ठभाग दिसला की काहीतरी चिकटवायची.

[दृश्य: तोक्योजवळची मोनोरेल. मिकीच्या आकाराची खिडकी.]

तोक्यो डिस्ने रिसॉर्टची मोनोरेल २००१ पासून धावते. तिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत, उभ्या प्रवाशांनी धरायच्या कड्याही तशाच. सणावाराला, वर्धापनदिनाला तीही सजते. पण मुळात गाडी घडवतानाच ती कुणाची हे ठरवलेलं, त्यामुळं वरून ओरडून सांगावं लागत नाही. खिडकी मिकीची आहे, आणि तिच्यातून बाहेरचं दिसतंही!

अबू धाबीतल्या फेरारी वर्ल्डमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. ताशी २४० किलोमीटरनं सुटणाऱ्या तिथल्या रोलर कोस्टरवर फेरारीचा घोडा नसता तर लोकांनी तक्रार केली असती. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलचा उंच कोस्टर १९९४ मध्ये 'पेप्सी मॅक्स बिग वन' म्हणून उघडला, २०११ मध्ये नुसता 'बिग वन' उरला. नाव अर्धं झालं, कोस्टर तेवढाच उंच. जत्रेच्या ठिकाणी कुणाला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, कारण जत्रा मुळातच दवंडी पिटून बोलावते. भ्रम राखायचं वचन तिनं कधी दिलेलंच नाही.

[दृश्य: रात्र. गाड्यांची शेड. हातात हीट गन.]

विनाइल, म्हणजे या फिल्मचं प्लास्टिक, कायमचं नसतं. उन्हानं रंग उडतो, दाराच्या कडांशी कोपरे सुटायला लागतात. मग फिल्म काढायची वेळ येते. गरम हवा मारायची, कोपरा नखानं उचलायचा आणि एका बेतानं, घाई न करता ओढत जायचं. घाई केली की तुकडे पडतात आणि गोंद मागं राहतो.

नायकाचा खांदा निघतो, मग हेल्मेट, मग प्रदर्शनाचा महिना. खाली पांढरं अंग. त्याच्यावर, थोडा मळलेला, पोवळ्याच्या रंगाचा पट्टा.

[आवाज: दारांची घंटी. 'पोर फावोर...' गाडी सुटते.]