तीन गुण की एक?

टेबलावरच्या या पाच प्रती एकाच विद्यार्थ्याच्या एकाच सोप नोटच्या आहेत. रुग्णाची तक्रार, तपासणीतील नोंदी, मूल्यमापन आणि उपचाराची योजना अशा चार भागांत लिहायची ही नोंद औषधनिर्माणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावीच लागते. इथला रुग्ण वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेतो आहे आणि मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी त्याला को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक सुरू झाले आहे; ते वॉरफरिनचा परिणाम वाढवते, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढणार. विद्यार्थ्याने ते अचूक ओळखले आहे. मात्र योजनेत त्याने एवढेच लिहिले आहे : ‘आयएनआरवर लक्ष ठेवावे.’ आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा.

चारपैकी किती गुण? पाचही शिक्षक पेन खाली ठेवून एकदमच बोटे वर करतात. तीन, एक, दोन, तीन, एक.

१९६१ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात ३०० निबंध ५३ जणांनी नऊ श्रेणींत तपासले होते. कोणतेही निकष हाती न देता. त्यांपैकी ९४ टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. या टेबलावर निकषांचा तक्ता आहे, तरीही बोटे जुळलेली नाहीत.

एक गुण देणाऱ्या शिक्षिकेचे म्हणणे असे, की तपासणी कोणत्या दिवशी करायची हेच लिहिले नसेल तर रुग्ण घरी जातो आणि ती राहून जाते. तीन देणाऱ्यांच्या मते दोन औषधांचा हा संबंध लक्षात येणे हेच अवघड काम होते. चर्चा अखेर तक्त्यातल्या ‘पुरेसे निरीक्षण सुचवले आहे’ या ओळीपाशी येऊन अडते, कारण ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवले होते. शब्द खोडला जातो. काय मोजायचे, किती दिवसांनी मोजायचे आणि आकडा वाढलेला आढळल्यास काय बदलायचे, हे तिन्ही असेल तरच चार गुण. फक्त पहिलेच असेल तर दोन. या ओळीसोबत ही नोट आता दोन गुणांचा नमुना म्हणून जोडली जाते.

तपासनिसांचे एकमत निव्वळ टक्केवारीत मोजणे फसवे असते, कारण काही गुण योगायोगानेही जुळतात. तो योगायोग वजा करणारा कापा हा निर्देशांक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडला. आणि सगळे मिळून सारखेच चुकले, तर हा निर्देशांकही ते दाखवणार नाही.

ज्या तुकड्यांचे निकाल जुन्या तक्त्यावर लागून गेले, ते तसेच राहतील.

दुसरी नोट वाटली जाते. वाचन या वेळी अधिक संथ आहे. एक बोट तक्त्यावर आणि दुसरे कागदावर. दोन, दोन, तीन, दोन, दोन. तीन देणारे शिक्षक आपली प्रत पुन्हा जवळ ओढतात.